तिसरी पट्टी

शुक्रवार, जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन कागदांवर खाडाखोड झाली आणि खाडाखोड केलेला कागद कुणाच्या हातात द्यायचा नसतो, हे तूच मला शिकवलंस. उंबऱ्यावर बसवून तू मला शुद्धलेखन घालायचीस, दर चुकीला एक टपली. अजूनही 'आशीर्वाद' लिहिताना माझा हात आपोआप डोक्याकडे जातो. एखादी चूक राहिली असेल तर ती घाईची समज. उद्या सकाळी आमच्या लाकूडकामाच्या कारखान्याचा टेम्पो तू शिकतेस त्या गावी दोन कपाटं पोचवायला निघतोय आणि टेम्पोवाल्याने कबूल केलंय की पत्र तुझ्याच हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या नाही.

आधी घरचं. आईचा गुडघा बरा आहे. म्हणजे ती बरा आहे म्हणते आणि जिना उतरताना कठडा सोडत नाही. मोरीतला नळ मी बदलला. तुझ्या कुंडीतलं रोप जगलंय, फक्त खिडकीकडे वाकलंय म्हणून रोज थोडी फिरवून ठेवतो. वर्तमानपत्रात तुझ्यावर आलेलं आईने कापून ठेवलं आणि म्हणाली, याला चांगली चौकट कर. केली. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापलेत, फट नाही. ती आता बाहेरच्या खोलीत घड्याळाखाली लटकते आणि मी जेवायला बसतो त्या जागेवरून तिसऱ्या ओळीतला 'एकटीने' हा शब्द नीट वाचता येतो. "घरच्या गॅलरीत, कुणाच्याही मदतीशिवाय, एकटीने तिने हे धनुष्य घडवलं." मी आईला एकदाच म्हटलं, आई, तू तर रोज बघत होतीस. ती ताटात वाढत म्हणाली, "जाऊ दे रे. तिचं भलं होतंय ना? तू काय कुठे नाव लावायला जाणार आहेस?" मग मी जेवलो.

कारखान्यात ते आमच्या मिस्त्रींनी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना चष्मा लागतो, त्यामुळे वाचताना ते दर शब्दाला थांबतात. वाचून झालं, कागदाची घडी घातली आणि मला म्हणाले, "काय रे, हिने एकटीने केलं म्हणते. मग लाकूड आवळायचे माझे बारा शिकंजे तीन महिने घरी नेले होतेस, ते काय धुणं वाळत घालायला?" सगळे हसले. मीही हसलो. मिस्त्री मात्र हसले नाहीत. दुपारी माझ्या बाकापाशी येऊन उगाच माझ्या रंध्याचं पातं तपासून गेले.

ताई, तू काहीच केलं नाहीस असं मी म्हणत नाही. कुणी काय केलं ते मला पक्कं आठवतं, कारण ते मी लिहून ठेवत होतो. सुरुवात तुझीच. तू कॉलेजच्या मैदानावरून तणतणत आलीस आणि पिशवी पलंगावर फेकलीस. तू डावखुरी, आणि तिथली सगळी धनुष्यं उजव्या हाताने ओढणाऱ्यांसाठी केलेली. शिकवणारे म्हणाले, हात बदल. तू म्हणालीस, "हात म्हणजे काय चप्पल आहे का, बदलायला?" मी तेव्हा जमिनीवर बसून पंख्याचा स्क्रू आवळत होतो. न बघताच म्हणालो, मी करून देतो. तू इतकी हसलीस की शेजारच्या काकूंनी खिडकी उघडली. "मोजपट्ट्या, तू एक स्टूल करायला तीन महिने लावलेस. धनुष्य होईपर्यंत मी म्हातारी होऊन काठीला नेम लावीन!" खरं आहे. पण त्या स्टुलावर आज सात वर्षं आई बसते आणि ते एकदाही डुगडुगलं नाही.

माझं शाळेत काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. मी नापास झालो तो येत नव्हतं म्हणून नाही. पहिल्या तीन प्रश्नांत मला पैकीच्या पैकी असायचे आणि पुढची पानं कोरी, कारण मी लिहिलेलं पुन्हा पुन्हा तपासत बसायचो आणि घंटा व्हायची. नववीत दोनदा तसंच झालं आणि मग मी मिस्त्रींकडे गेलो. तेव्हा तू घरात सगळ्यांशी भांडली होतीस. म्हणालीस, याला शंभर मार्कांचा पेपर आणि एक आठवडा द्या, मग बघा. माझ्या बाजूने असं कुणी कधी बोललं नव्हतं. ते धनुष्य म्हणजे माझा आठवडा होता, ताई. पहिल्यांदाच मला घंटा नव्हती.

तुझ्या पंजाचं माप घ्यायला मी आईच्या परातीतून कणकेचा गोळा घेतला आणि तुला उजव्या मुठीत दाबायला लावला, कारण डावखुरा माणूस धनुष्य उजव्या हातात धरतो. आई ओरडली, "अन्नाशी कसला खेळ!" तो गोळा वाळून दगड झाला, आणि त्या बोटांच्या खळग्यांवरून मी मूठ कोरली. धनुष्याच्या पाठीला, म्हणजे बाहेरच्या अंगाला, बांबूची पट्टी, पोटाला, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या अंगाला, गर्द तांबूस लाकूड आणि मध्ये फिकट, सरळ रेषांच्या दोन पट्ट्या, खिडकीच्या चौकटी करून उरलेल्या. एकूण चार. प्रत्येक पट्टी मध्यावर जाड आणि टोकांकडे उतरत गेलेली, ती उतरण घासून आणायलाच पाच रविवार गेले. तू विचारलंस, एकच जाड लाकूड का नाही घेत, एवढे कुटाणे कशाला? मी म्हटलं, एकट्या लाकडात एक गाठ निघाली की संपलं. चार पट्ट्या एकमेकींना चिकटल्या की एकीचा दोष दुसरी सांभाळते. हे वाक्यही तू वर्तमानपत्राला दिलंस. चांगलं छापलंय, एकही चूक नाही.

चिकटवायचा रविवार तुला आठवत असेल. राळ आणि तिला घट्ट करणारं औषध एकत्र केलं की हातात अर्धा तास असतो. मी दाराला कागद लावला होता, 'घासलेल्या पट्ट्यांना हात लावू नये'. तू तो वाचून, "आज्ञा, महाराज!" म्हणून आत आलीस. आईने नुकतंच तुझ्या डोक्याला तेल थापलं होतं आणि तू केस मोकळे सोडून फिरत होतीस. आलीस आणि टेबलावरची एक पट्टी उचलून, कानापर्यंत ओढल्यासारखं करून माझ्यावर नेम धरलास. "मोजपट्ट्या, शेवटची इच्छा सांग!" मी इतका हसलो की मला बसावं लागलं. मग आपण दोघांनी मिळून पट्ट्या साच्यावर बसवल्या, सायकलच्या ट्यूबच्या फिती घट्ट गुंडाळल्या आणि शिकंजे आवळले. मी आवळत होतो, तू मोजत होतीस. नंतर बल्ब लावलेल्या पेटीत ते एक दिवस ऊब खात पडलं. आई म्हणाली, घरात बाळंतीण आहे असं वाटतंय.

मग वाकवणं. भिंतीला खुंटी, तिच्यावर धनुष्य, खाली कप्पी, दोरीचं टोक तुझ्या हातात आणि मी समोरच्या भिंतीला पाठ लावून मुठीच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही भुजांकडे बघत. तू बोटभर ओढायचीस, मी बघायचो आणि तू विचारायचीस, "अजून?" मी हो म्हटलं तर आणखी बोटभर. नाही म्हटलं तर दोरी सैल, आणि जी भुजा कमी वाकतेय तिच्या पोटावरून मी काचेच्या तुकड्याने केसभर लाकूड खरवडायचो. असं किती वेळा केलं? दोनशे चौदा. तू कंटाळून गाणी म्हणायचीस. वर्तमानपत्रात तू सांगितलंस, "मी लाकडाला जबरदस्ती करत नव्हते. प्रत्येक बोटाला त्याला विचारत होते, अजून?" ताई, विचारत तूच होतीस, हे खरं. पण ते तू मला विचारत होतीस.

शेवटी मी खालच्या भुजेवर एका जागी काळा दोरा गुंडाळला, चार बोटं रुंद, वर लाखेचा हात. तू म्हणालीस, हा इथेच का, वरच्या भुजेवर का नाही? मी म्हटलं, शोभेला. तू म्हणालीस, "शोभेची तुझी कल्पना म्हणजे पायाला बांधलेली पट्टी." मी लाखेचा आणखी एक हात दिला. मग शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत तू पहिला बाण सोडलास. तो गवताच्या पेंढीच्या वरून, भिंतीच्या वरून, कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही. तू मला गदागदा हलवून ओरडत होतीस, "उडालं रे, उडालं!" जसं काही धनुष्यच उडालं.

तू शिकायला निघालीस तेव्हा धनुष्य तर तुझंच होतं, ते नेलंस. वही मागितलीस. म्हणालीस, "आठवण म्हणून दे ना." शंभर पानांत सगळी मापं, सगळ्या चुका, कोणत्या रविवारी काय झालं ते. मी तिला खाकी कव्हर घालून दिली. आता कळतं की आठवण माझी नको होती, मापांची हवी होती. पण हेही मी चुकीचं म्हणत असेन. कदाचित तेव्हा तुला खरंच आठवण हवी असेल आणि पुढे कधीतरी कुणी विचारलं असेल, हे तू केलंस? तुझ्या तोंडून हो निघून गेलं असेल आणि एकदा निघालेलं हो परत आत घेणं अवघड असतं. मी तुझ्यासाठी अशी बरीच कारणं तयार केली आहेत. प्रत्येक कारण घासून बघतो, बसत नाही.

परवा, बुधवारी, मी सुट्टी टाकून तुझं प्रदर्शन बघायला आलो. तुला कळवलं नाही, कारण मला वाटलं, मला बघून तू दचकशील आणि मग सगळं सांगून टाकशील. धुतलेला शर्ट घातला होता. दालनात शिरलो तर मधोमध काचेची पेटी, वर चार दिवे आणि आत ते. खाली पाटीवर तुझं नाव. शेजारी माझी वही, एका पानावर उघडलेली, पण अक्षर तुझं होतं. तू ती सगळी पुन्हा लिहून काढलीस. शंभर पानं. त्या पानापुढे मी किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. मला आधी तुझ्या हाताचीच दया आली.

मग तू पाच-सहा जणांना घेऊन आलीस, तुझे सरही होते. तू मला पाहिलंस. तुझा चेहरा एक क्षण घरातला झाला आणि लगेच मिटला. तू म्हणालीस, "हा माझा धाकटा भाऊ. लाकडं याच्याच कारखान्यातून आणली होती." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं त्यात काहीच नव्हतं, लाकडं आमच्याच कारखान्यातली होती. मी मान हलवली. सर चांगले गृहस्थ वाटले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग, बहिणीकडून तुम्हीही काहीतरी शिकून घ्या." मी म्हणालो, "हो सर." ताई, तू तेव्हा जमिनीकडे बघत होतीस. मला वाटलं, आता बोलेल. मी अगदी मनात मोजलं. अकरापर्यंत. मग तू म्हणालीस, "चला, पुढचं दालन," आणि तुमचा घोळका गेला.

मी पेटीपाशी राहिलो. धनुष्याला दोरी चढवलेली होती. तिथल्या राखणदाराला विचारलं, ही कधी चढवली? तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून. पाच आठवडे! मी म्हटलं, काका, उतरवायला सांगा, धनुष्य नेम धरायच्या वेळेपुरतंच ताणतात, एरवी मोकळं ठेवतात, नाहीतर ते मरतं. तो मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "अहो, दोरी काढली तर नुसती काठी दिसेल की! काठी बघायला कोण येतंय? आणि तुम्ही कोण?" मी म्हणालो, लाकडंवाला. तो म्हणाला, "मग लाकडं झाली ना देऊन?" नंतर तुला दोनदा हाक मारली. तू लांबूनच डोळ्यांनी 'नंतर' म्हणालीस आणि एका मुलीबरोबर माझ्यासाठी चहा पाठवलास. मी बसच्या वेळेपर्यंत थांबलो. चहा प्यायलो नाही, पण कप विसळून ठेवला. बाहेर फलकावर वाचलं, रविवारी समारोप, सकाळी अकरा वाजता तू स्वतः सर्वांसमोर ते धनुष्य ओढून बाण सोडणार आहेस.

तू म्हणशील, हिशेब मागायला पत्र लिहिलं. नाही. तशी पत्रं मी मनात पुष्कळ लिहिली, ती पोस्टात पडणार नाहीत. हे लिहिलं ते त्या दोऱ्यासाठी. खालच्या भुजेवरचा काळा दोरा तू काढून टाकलास, दिसायला बरं नाही म्हणून. त्याच्या जागी मला काचेतून एक रेघ दिसली, केसाएवढी, पोटाची पट्टी आणि तिच्या आतली पट्टी यांच्यामध्ये, दिव्यात चमकणारी. तिथे जोड सुटतोय. का सुटतोय ते फक्त मला माहीत आहे. त्या रविवारी तू जी पट्टी उचलून माझ्यावर नेम धरलास ती तिसरी होती आणि तुझ्या हाताला डोक्याचं तेल होतं. तेलकट लाकडाला राळ धरत नाही, म्हणून बोटं लागलेली पट्टी पुन्हा घासावी लागते, आणि तिच्या जोडीची पण, म्हणजे आणखी एक रविवार. तू इतकी हसत होतीस की मला ते सांगवलं नाही. मी ती नुसती थिनरने पुसली आणि चिकटवली. आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट न तपासता पुढे ढकलली आणि ती वहीत लिहिली नाही, म्हणून तुझ्या शंभर पानांतही ती नाही. दोरा शोभेचा नव्हता, तो त्या तेलावर बांधलेला होता. खोटं आधी मी बोललो, ताई. बसमध्ये मला वाटलं, तुटू दे. पाटीवर तिचं नाव आहे, तुटणंही तिच्याच नावावर जाईल. हा विचार मी निम्म्या वाटेपर्यंत केला, तो लपवत नाही. पण ते तुटतं तेव्हा तू ते कानापर्यंत ओढलेलं असतं आणि ढलपी चेहऱ्याकडे येते. काल तुला दोनदा फोन केला, तू लिहिलंस, 'सोमवारी बोलू, मोजपट्ट्या, रविवारची गडबड आहे.' रविवारी ओढू नकोस एवढंच कळवलं असतं, तर तुला वाटलं असतं मी जळतोय. म्हणून सगळं लिहिलं. पत्र मिळाल्यावर पेटीचे दिवे बंद करायला सांग, त्यांच्या उष्णतेने जोड आणखी सुटतो, त्या रेघेवर घट्ट दोरा गुंडाळ, मग कुणाला तरी मदतीला घेऊन दोघांनी मिळून चेहरे लांब ठेवून हळूच दोरी उतरवा, आणि पुन्हा चढवू नका. लोक विचारतील, का ओढत नाही? वहीत त्याचं उत्तर सापडणार नाही. ज्याने चिकटवलं त्याने मना केलंय, एवढं म्हणालीस तरी पुरे. ते कोण, असं कुणी विचारलं तर मात्र 'चला, पुढचं दालन' म्हणून चालणार नाही, तुला अकरापेक्षा जास्त मोजावं लागेल.

तुझाच,
लाकडं आणून देणारा
मोजपट्ट्या